खाटेखालची लादी

आमच्या सासूबाईंचं नाक भलतं तिखट. बांगडा शिळा आहे हे त्यांना मासेवालीची पाटी दारात टेकायच्या आधीच कळतं. त्यामुळे ब्लीचच्या पाण्याशी त्यांचं पहिल्या दिवसापासून वाकडं.

माझा नवरा दत्तप्रसाद रक्ताच्या कॅन्सरची औषधं घेऊन गोव्याच्या इस्पितळातून घरी यायचा होता. जंतूंशी लढायची ताकद त्याच्या अंगात उरलेली नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून त्याच्या खोलीतली शेणाची जमीन उकरून आम्ही लादी बसवली. तो आल्यापासून खाट, टेबल, दाराची कडी, लादी मी रोज आधी साबणाने धुवायची, मग ब्लीचचं ताजं पाणी फिरवून दहा मिनिटं ओलं ठेवायची.

"त्यापेक्षा फिनेल घाल गो. वास तरी बरो येता," आई म्हणायच्या.

"वासान जंतू मरनत नाय, आई. आणि लगेच पुसल्यार ब्लीचानव मरनत नाय."

पण तो वास दत्तूलाही सोसेना. पेजेची वाटी तोंडाशी नेली की मान फिरवायचा. हाडांचा नुसता सापळा झाला होता.

एका दुपारी बाजारातून आले तर वाटी चाटूनपुसून रिकामी. "आज खोलीक घरचो वास येता," तो म्हणाला. मला रडूच फुटलं.

"काय जादू केल्यात, आई?"

आई हसत हसत रिकामी वाटी घेऊन चुलीकडे वळल्या. त्यानंतर तो रोज जेवू लागला.

मग थंडी वाजून ताप भरला. इस्पितळात न्यायला खाट सरकवली, तर खाली, माझा हात पोचत नसे त्या भिंतीकडच्या कोपऱ्यात, सुपाएवढं सारवण. ताजं शेण, आईंच्या बोटांच्या रेघा उमटलेल्या.

"त्या वासात व्हाडलो तो," आई पुटपुटल्या. "माझो झील जेवाक व्हयो म्हणान सारवलंय गो."

दत्तू परत आला नाही. जंतू कुठून आला ते सांगता येत नाही, त्याच्या पोटातलाही असेल, असं डॉक्टर म्हणाले. मी आईंना ते शब्दाला शब्द सांगितलं. मला त्यांचा राग येतो, अजूनही येतो. पण शेवटी पोटभर जेवला तो त्यांच्याचमुळे, त्याचं मी काय करू?

सुतक फिटायच्या दिवशी माझी जाऊ आनंदी घर सारवायला शेण घेऊन आली.

"ह्या खोलीत शेण नको," आई म्हणाल्या. "किशोरी, तुझा तां ब्लीचचा पाणी कर."

पदर खोचून त्यांनी खाटेच्या जागेची लादी आधी साबणाने घासली, मग ब्लीच फिरवलं. आनंदी कोरडं फडकं घेऊन वाकली, तसा आईंनी तिचा हात धरला.

"पुसू नको. ओला रवांदे."

आम्ही तिघी भिंतीला टेकून त्या ओल्या लादीकडे बघत बसलो. खोलीत आता जपायचं कुणीच नव्हतं.

दहा मिनिटं झाल्यावर आईंनी माझ्याकडे पाहिलं.

"आता बरोबर केलंय मां गो?"

"होय, आई."