लेन्सची डबी

डॉक्टरांनी उजव्या डोळ्याची पापणी उलटवली तशी शरयूने खुर्चीचा दांडा घट्ट धरला. शालिनीताई शेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या. सुनेचा तो लालबुंद डोळा, बुबुळावरचं ते पांढरं कडं त्यांना बघवेना. त्यांनी मान वळवली. ओठांतलं स्तोत्र मात्र चालूच होतं.

डोळ्यात नागीण उठली समजून तीन आठवडे थेंब घातले, पण गुण नव्हता.

"लेंस को कभी पानी लगा? नल का, टंकी का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नहीं, सर. कभी नहीं," शरयू म्हणाली.

"ठीक है, फिर यही दवा चलाते हैं. पानी में एक कीड़ा होता है, दिखता नहीं. लेंस के नीचे घर करके पुतली खा जाता है. उसका इलाज ही अलग है. पानी की बात होती तो आज ही पुतली खुरचकर जाँच भेजता."

स्तोत्र थांबलं.

चैत्रातली गोष्ट. शरयूची बँक दुसरीत मिसळली, बाड्याच्या चौकातल्या दोन शाखांची एकच शाखा व्हायची होती. कोण राहणार, कोणाची बदली होणार, ते नवे साहेब ठरवणार. त्यासाठी शरयूने जाड चष्मा सोडून लेन्स घेतल्या. "साहेब काय डोळे बघून टेबल देणार आहेत?" शालिनीताई हसल्याही होत्या. साहेबांना भेटायला जायच्या सकाळी शरयू न्हाणीत असताना त्यांच्या पदराने लेन्सची डबी लवंडली, आतलं औषध सांडलं. औषधाची बाटली रिकामी. घरातलं सगळ्यांत शुद्ध पाणी म्हणजे देवापुढच्या गडूतलं. त्यांनी दोन्ही खळगे काठोकाठ भरले, झाकणं लावली. शुभकार्याला निघालेल्या मुलीच्या मनात उगीच किंतू नको, म्हणून बोलल्या नाहीत.

"डॉक्टरसाहेब," शालिनीताई म्हणाल्या. "पानी हमने डाला था. गंगाजल."

डॉक्टरांचा लिहिता हात थांबला.

"माँजी, कीड़े को क्या पता कौन-सा जल है," डॉक्टर हळूच म्हणाले, आणि तपासणीचं सामान मांडायला सांगण्यासाठी आतल्या खोलीत गेले.

कितीदा त्याच पाण्याचं बोट शालिनीताईंनी स्वतःच्या डोळ्यांना लावलं होतं.

"शरयू, मी तुझा डोळा..."

शरयूने डावा डोळा कसाबसा उघडला.

"डबीत तुळशीच्या मंजिरीचा दाणा तरंगत होता, आई. तो काढला आणि लेन्स घातली."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग आत्ता त्यांनी विचारलं तेव्हा नाही का म्हणालीस?"

आतून सामान मांडल्याचा आवाज आला. शरयूने डोळा मिटून घेतला.

"तुम्ही शेजारी बसला होतात ना."