इष्टलिंगावरची वाफ

शाहूपुरी पेठ तेव्हा नवीच वसत होती. शाहू महाराजांना गादीवर येऊन आठ-दहा वर्षं झाली असतील. गुळाच्या वखारीमागच्या घरात रत्नव्वा उशांना टेकून बसली होती, आणि पौषातलं सकाळचं धुकं खिडकीशी येऊन थांबलं होतं. तिला वाटलं, हे कळंब्याच्या तळ्यावरचंच धुकं. माहेराहून वाट विचारत विचारत आपल्याला बघायला आलंय. धुक्याला श्वास घ्यावा लागत नाही. आपल्याला लागतो, आणि तोच कुठं सापडत नव्हता.

दमा जुनाच होता. पण या खेपेला कफ छातीत वाळून बसला होता. आणि रत्नव्वाचा नेम सव्वीस वर्षांचा. गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग सकाळी डाव्या तळहातावर घ्यायचं, त्याला स्नान घालायचं, एकशेआठ वेळा नाम घ्यायचं, आणि मगच पाण्याचा पहिला घोट. परवा नाम अकरावर अडलं. काल नवावर. पूजा अपुरी म्हणून पाणी नाही, आणि पाणी नाही म्हणून कफ आणखी घट्ट.

"अक्का, शिवाला तुझा जीवच पायजे हाय व्हय?" धाकटी जाऊ दानम्मा कळवळून ओरडली. "पूजा अर्धी ऱ्हायली म्हणून त्यो काय तुला कचेरीत खेचणार न्हाय!"

रत्नव्वा नुसती हसली. बोलायलाही श्वास लागतो.

शेवटी दानम्मानं चाँदबीला बोलावलं. नवरा मीरासाब अत्तर विकायचा, पण दम्या-खोकल्याला पेठेत नाव होतं ते चाँदबीचंच. तिनं मडक्यात अडुळशाचा पाला आणि ओवा उकळला, वर निलगिरीचे दोन थेंब टाकले, झाकणाच्या भोकात पपईच्या देठाची पोकळ नळी बसवली आणि कडेनं कणीक लिंपली.

"मडकं कोरं हाय, पाणी तुमच्याच घागरीतलं," कुणी न विचारताच ती म्हणाली. "घ्या अक्का, वाफारा वढा."

रत्नव्वानं तोंड फिरवलं. "वाफ... पाणीच की."

"चाँदबी, तूच सांग हिला," दानम्मा म्हणाली. "वाफ कुठं पाणी असतीय?"

चाँदबीनं पदर सारखा केला. "खोटं कसं बोलू? रोज्यात मी बी वाफ घेत न्हाय."

"झालं! समजूत घालायला आणली, आन ही तिच्याच पंगतीला जाऊन बसली!"

रत्नव्वाला हे सगळं तळ्याच्या पलीकडच्या काठावरून ऐकू येत होतं. नळीतून निघालेली वाफ हळूच वळली, तिच्या छातीशी आली आणि गळ्यातली चांदीची डबी धुरकट झाली. डबीवर एक थेंब जमला, थरथरला आणि घरंगळला.

स्नान, तिच्या मनात आलं. हे तर स्नानच.

तिनं डबी उघडली. कपाळाला भस्म लावलं, काळंभोर लिंग तळहातावर घेतलं. "नळी... याच्याकडं."

चाँदबीनं मडकं फिरवलं. लिंगावर दवासारखे बारीक थेंब उमटले. आधी त्याला. त्याच्यावरून येईल ते तीर्थ, आणि तीर्थानं नेम मोडत नाही. रत्नव्वानं तळहात तोंडाजवळ नेला आणि लिंगावरून उतरणारी वाफ आत घेतली. अडुळशाचा कडवट, ओला वास छातीत गेला. तळ्यावरचं धुकं जरा हललं. पुन्हा घेतली. मग खोकल्याची मोठी उबळ आली, दानम्मानं धरलेल्या भांड्यात कफाची गाठ पडली, आणि रत्नव्वानं नाम सुरू केलं.

नऊ झालं. अकरा झालं. पुढं ती मोजत नव्हती. मिटल्या डोळ्यांपुढं आई तळ्याच्या काठावर उभी होती, पाण्यावर ऊन उतरत होतं, आणि नाम पावलासारखं एकामागून एक पडत होतं. मध्येच ती थांबायची, वाफ घ्यायची, पुन्हा चालू लागायची.

आवाज विरला तशी दानम्मा पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आली. "झालं, अक्का. पी."

"थांब," चाँदबी म्हणाली. तिचा अंगठा करंगळीच्या पेरावर टेकलेला होता. "एकशेसात झाल्यात."

"तुला गं काय कळतंय आमच्यातलं?"

"मोजायला काय कळायचं? बोटं माझीच हायत की."

दानम्मानं तांब्या खाली ठेवला. रत्नव्वानं चाँदबीच्या त्या अंगठ्याकडे पाहिलं, भरून श्वास घेतला, आणि राहिलेलं एक नाम सावकाश, पुरतं उच्चारलं.

मग तिनं तांब्यासाठी हात पुढं केला.