पिशवीखालची काडी

मी जास्वंदीची फांदी. आता मला झाड म्हणायला हरकत नाही, पण सुरुवात काडीपासून झाली आणि ते मी लपवत नाही. दोन मिनिटं बसा, सांगते.

माझं मूळ झाड एका भाड्याच्या घराच्या मागच्या दाराशी होतं. त्या घरात एक शिंपी आणि त्यांची नर्स असलेली बायको राहायची. मी त्यांना शिंपीबुवा आणि बाई म्हणते. झाड लावलं होतं बाईंच्या थोरल्या बहिणीने. पुढे ताई वारल्या. पाठोपाठ मालकाने घर रिकामं करायला सांगितलं. त्याला मागे फरशी घालून गाडी ठेवायची होती. म्हणजे झाड जाणार, हे ठरलंच.

"ताईचं एवढंच राहिलंय माझ्याकडे," बाई म्हणाल्या आणि कात्री घेऊन आल्या. कात्री कापडाची होती बरं का. शिंपीबुवांच्या कपाळावर आठी चढली.

बाईंनी पाच फांद्या निवडल्या. डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या गाठीच्या, खाली तिरका काप दिला, वरची दोन पानं ठेवून बाकीची खुडली. कुंडीत वाळू आणि माती, वरून ओल टिकायला प्लॅस्टिकची पिशवी. पिशवी पानांना चिकटू नये म्हणून मधे काहीतरी उभं करायला हवं होतं. तिथे माझी वर्णी लागली. मी त्याच झाडाची काडी, बोटाएवढी जाड, अंगावर एक पान नाही.

"ही खोचा मधे, टेकू म्हणून," बाई म्हणाल्या. घ्या, माझ्याच बहिणींचा तंबू धरून मी उभी.

नव्या घरी आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत आलो. बाईंची ड्यूटी सकाळची. त्या जिना उतरल्या रे उतरल्या की शिंपीबुवा कुंडीपाशी हजर. आता त्यांची एक सवय आहे. गिऱ्हाइकाला कपडा द्यायच्या आधी प्रत्येक शिवण ओढून बघायची. इथेही तेच. पिशवी उचलायची, एकेक फांदी चिमटीत धरून वर काढायची, मुळं आली का बघायचं आणि परत खोचून माती दाबायची. रोज. विसाव्या दिवशी एकीला सुतासारखं पांढरं मूळ दिसलं. स्वारी इतकी खूश, की दुसऱ्या दिवशी परत बघितलं. ते तुटलं.

मला मात्र कोणी हात लावला नाही. टेकूला कोण कशाला तपासतंय? मी निवांत होते, आणि खरं सांगायचं तर त्याची जरा लाजही वाटायची.

हळूहळू पाचहीजणींनी माना टाकल्या. तिकडे जुन्या घरी फरशी बसल्याचं कळलं. त्या रविवारी बाईंनी पिशवी काढली, पाचही वाळलेल्या फांद्या उचलल्या.

"कुंडी रिकामी करा," एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

शिंपीबुवांनी मला धरून ओढलं. मी आले नाही. ते थबकले. वाकून पाहिलं, तर माझ्या डोळ्याशी हिरवा कोंब.

"अगं, इकडे ये," त्यांनी हाक मारली. बाई आल्या, तसं शिंपीबुवांनी कोंबाकडे बोट दाखवलं. "त्या पाच मी घालवल्या. रोज उपसून बघत होतो. वाटायचं, तू घरी आलीस की सांगावं, मुळं फुटली म्हणून."

"माहितीये मला."

"मग बोलली का नाहीस?"

"माझ्या लक्षात आलं तोवर उशीर झाला होता." बाई माझ्या कोंबाकडे बघत राहिल्या. "आणि घरात माझ्याइतकीच वाट आणखी कोणीतरी बघतंय, याचं बरं वाटलं."

शिंपीबुवांनी मान खाली घालून माती नीट केली, माझ्यापासून चांगली वीतभर लांबची.

आता मी गॅलरीच्या कठड्याएवढी झालेय. ऊन मिळतं, पाणी मिळतं, तक्रार काही नाही. शेजारच्या बायका माझ्या फांद्या मागून नेतात. तुम्हीही न्या. फक्त खोचल्यावर महिनाभर तिच्या वाटेला जाऊ नका, एवढं ऐका माझं.

पहिली कळी मोठी झाली, तेव्हाच बाईंनी दवाखान्यात रजेचं सांगून ठेवलं. फूल उमललं त्या दिवशी त्यांनी रजा टाकली. शिंपीबुवांनीही दुकान उघडलं नाही. जास्वंदीचं फूल एकच दिवस टिकतं. दोघं खुर्च्या ओढून माझ्यासमोर बसली आणि संध्याकाळी ते मिटेपर्यंत ताईंबद्दल बोलत राहिली.