आधी पाणी, मग बोलणं

मित्रांनो, जरा थांबा. तुमच्या बाई पुढे गेल्या आहेत, त्या डोकी मोजायला परत येतीलच. तोवर माझ्याकडे बघा. मी एक जुनी कप्पी आहे. या सोन्याच्या खाणीच्या दारावर मला टांगून ठेवलं आहे. माझ्या अंगावर सोनेरी रंग आहे आणि खालच्या पाटीवर लिहिलं आहे, 'ऐतिहासिक खाणीची आठवण'. पाटी खोटी नाही, पण तिच्यात माझं निम्मंच आयुष्य आहे. उरलेलं निम्मं एका विहिरीवर गेलं. मला रडता आलं असतं, तर त्या निम्म्यासाठी रडले असते.

माझा जन्म या खाणीच्याच कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाची मी, मधे दोरासाठी खोल खाच आणि अंगावर खाणीचा शिक्का. मला एका उभ्या भुयाराच्या तोंडावर बसवलं. माझ्यावरून दोर खाली जाई तो हत्यारं आणि जेवणाचे डबे घेऊन, आणि वर येई तो दगड घेऊन. सोनं म्हणाल तर मी कधी पाहिलंच नाही. पाहिला तो चिखल आणि पाणी. पंप सारखे चालू असत, पाणी उपसून नाल्यात सोडत असत.

तिथे एक रीत होती. पाळी संपवून वर आलेल्या माणसाला कोणी काही विचारायचं नाही, अगदी मुकादमानेही नाही. आधी त्याच्या हातात पाणी द्यायचं, मग बोलायचं. खाली तो काय बघून आला असेल, कोणास ठाऊक!

माझी देखभाल एक तरुण फिटर करत असे. मी जरा कुरकुरले की तो तेलाची बुधली घेऊन हजर. बाकीचे त्याला चिडवत, "फिटरचं लग्न कप्पीशी लागलंय." तो हसून म्हणे, "कुरकुर ऐकून घेतली की संसार सुखाचा होतो."

पुढे सोनं कमी झालं आणि खाण बंद पडली. यंत्रं भंगारात गेली. फिटरने साहेबांना विचारून मला मागून घेतलं आणि खांद्यावर टाकून घरी नेलं. खाणीमागच्या गल्लीत त्याचं घर होतं. अंगणात एक अरुंद विहीर होती. खाण चालू होती तोवर ती कोरडी ठणठणीत होती. पंप थांबले आणि हळूहळू तिच्या तळाशी ओल आली, मग पाणी आलं. त्याच्या बायकोने माझ्यावरून पहिला पोहरा ओढला, चूळभर पाणी प्यायली आणि नुसती हसली.

ते माझे सुखाचे दिवस होते. अख्खी गल्ली माझ्यावरून पाणी ओढायची. फिटरने खाणीतली रीत घरी आणली होती. दारात पोस्टमन येवो, भाजीवाला येवो, आधी विहिरीतून ताजं ओढलेलं पाणी. एकदा शेजारी तावातावाने भांडायला आला. तांब्याभर पाणी प्यायला आणि निम्मं भांडण विसरून गेला. वर्षं गेली. फिटरची बायको वारली, त्याचे केस पिकले. त्याची मुलगी शिकून नर्स झाली.

मग सोन्याचा भाव चढला आणि जुन्या खाणीची कुणाला तरी आठवण झाली. नवी कंपनी आली. सोन्यापर्यंत पोचायचं तर खाणीत साठलेलं सगळं पाणी उपसायला हवं होतं. कंपनीच्या अहवालात लिहिलं होतं, मधे कठीण कातळ आहे, खाणीच्या पाण्याचा आणि विहिरींचा काही संबंध नाही. त्या अहवालावर पर्यावरणाची परवानगी मिळाली. नर्सने तो अहवाल वाचला. "बाबा, यांच्या नकाशावर आपली विहीरच नाही," ती म्हणाली. तिने गल्लीतल्या लोकांना गोळा केलं, एक वकीलबाई गाठल्या आणि परवानगीविरुद्ध कोर्टात दाद मागितली.

खटला चालू असताना कंपनीने चाचणीचे पंप सुरू केले. विहिरीचं पाणी खाली जाऊ लागलं. दोर अपुरा पडला की फिटर वरच्या टोकाला नवा तुकडा बांधी. ती गाठ माझ्या खाचेतून जाताना मला दणका बसे. पुढे दुसरी गाठ आली, मग तिसरी. शेवटी पोहऱ्यात चिखल आला. गल्लीत पाण्याचा टँकर येऊ लागला.

कोर्टाने विहीर पाहायला एक अधिकारी पाठवायचं ठरवलं. वकीलबाईंनी बजावून सांगितलं, सगळं या भेटीवर आहे. कोरडी विहीर अधिकाऱ्याच्या डोळ्यांनी दिसली, तर पंपांना स्थगिती मिळेल. अधिकाऱ्याला आणायला निघताना नर्स म्हणाली, "बाबा, तुम्ही काही करू नका. विहीर आहे तशी दिसू दे." "बरं," तो म्हणाला. ते त्याने मनापासून म्हटलं होतं.

ती गेल्यावर त्याने अंगण झाडलं, तांब्या घासला आणि नुसता बसून राहिला. मग उठला आणि शेजारणीकडे गेला. "एक घागर दे गं. पाहुणा येतोय. पोहऱ्यात तेवढं तरी यायला हवं." तिने घागर विहिरीत ओतली. तिचं पाहून पलीकडचीनेही ओतली. गल्लीची लाज सगळ्यांचीच होती. तेवढ्यात टँकर आला. ड्रायव्हरचा बाप याच खाणीत राबलेला. तो म्हणाला, "काका, घागरीने काय होतंय?" आणि त्याने टँकरचा पाइप सरळ विहिरीत सोडला.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं तुम्ही शिकला असाल. त्या दिवशी आड आटला होता आणि पोहरा भरून वर आला. पाणी इतकं वर होतं, की दोराची एकही गाठ माझ्यापर्यंत पोचली नाही. मी तेव्हाच ओळखलं, की घात झाला.

अधिकारी उन्हातून आले. बरोबर कंपनीचे वकील होते, मागे नर्स. फिटरने दोन्ही हातांनी तांब्या पुढे केला. "आधी पाणी घ्या साहेब. मग बोला."

साहेब घटाघटा प्यायले. "पाणी चांगलं आहे, काका."

नर्सने विहिरीत डोकावून पाहिलं. तिचा चेहरा उतरला. "बाबा, हे काय केलंत?"

"उन्हातून आलाय गं माणूस," तो म्हणाला.

ती खोटं बोलली नाही. टँकर अजून गल्लीतच उभा होता. पाणी त्याचंच आहे, तिने सांगून टाकलं. ड्रायव्हरनेही कबूल केलं. कंपनीचे वकील अगदी शांतपणे म्हणाले, "म्हणजे विहिरीत किती पाणी दिसावं, हे ही मंडळी ठरवतात. मग आधीचा कोरडेपणा तरी खरा कशावरून?" साहेब वाईट नव्हते. हातातला तांब्या त्यांनी जपून खाली ठेवला. मग त्यांनी जे पाहिलं आणि ऐकलं, ते लिहिलं.

विहिरींबद्दलचा पुरावा भरवशाचा नाही, असं कोर्ट म्हणालं. परवानगी कायम राहिली. वकीलबाई वरच्या कोर्टात गेल्या, पण तिथे तारीख लागेपर्यंत मोठे पंप सुरू झाले होते. विहीर कायमची आटली, गल्ली रिकामी झाली. नर्सने बापाला आपल्या क्वार्टरमध्ये नेलं. तिने त्याला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि त्याला तेच सोसवेना. घर सोडताना तो माझ्याखाली उभा राहून एवढंच म्हणाला, "मला कळत होतं गं. पण हात ऐकेनात."

कंपनीच्या माणसांना माझ्या अंगावरचा शिक्का दिसला. आपलीच वस्तू, म्हणून त्यांनी मला काढून आणलं. दोर तिथेच टाकला. रंग दिला तोही आसावर थापून, त्यामुळे मला फिरता येत नाही.

मागे एकदा बापलेक मला बघायला आले. पहारेकरी म्हणाला, "काका, हात लावायचा नाही." फिटरने हात मागे घेतले. मग त्याचं लक्ष पहारेकऱ्याच्या घामेजल्या चेहऱ्याकडे गेलं. मुलीच्या पिशवीतली बाटली काढून त्याने पुढे केली. "आधी पाणी घे." पहारेकरी पाणी प्यायला आणि पाठ करून उभा राहिला. फिटरने खिशातून बुधली काढली, माझ्या आसावर तेलाचा थेंब सोडला आणि बोटाने मला ढकललं. रंगाचा पोपडा उडाला, मी थोडीशी हलले. "अजून कुरकुरते," तो मुलीला म्हणाला. किती दिवसांनी हसला तो!

मित्रांनो, बाई हाक मारताहेत, जा. जाताना एवढं ऐका. कुणी पाणी पुढे केलं तर नाही म्हणू नका, देणाऱ्याचा जीव त्यात असतो. पण ओठाला लावण्याआधी विचारा, हे आणलं कुठून, आणि तुमच्या घरात किती उरलंय. आमच्या अंगणात साहेबांना ते पाणी पिऊन झाल्यावर कळलं.