शिवेवरचा नारळ

लातूर जिल्हा नवा झाला, तवापास्नं आमच्या वढ्याचा हिकडचा काठ लातूरचा आन् पल्याडचा नांदेडचा. दुष्काळ मातर दोन्हीकडं सारखाच हाय.

टँकर आमच्या हिरीत पाणी सोडतो. पिढ्यान्पिढ्या दोन्ही गावं हीच हीर शेंदत आली. पण गावात बैठक झाली आन् ठरलं, पल्याडच्यांना थेंब द्यायचा न्हाई. माझी उमा पल्याडच दिलेली, त्यात वली बाळंतीण. न्हायचं सोडा, लेकराच्या आईला प्यायला पाणी न्हाई! मी घागर भरली आन् निघाले.

वढ्यात पोलीस पाटील मलप्पा आडवा आला. "शरणम्माक्का, घागर ठिवा. हितनं फुडं नांदेड."

माझं टाळकंच फिरलं. "कुठं हाय रं तुझं नांदेड? दाव की! ढेकळं तीच, बाभळी त्याच. कुण्या मुडद्यानं कागदावर रेघ मारली आन् तू ती खरी मानलीस व्हय?"

"कागदाचं ऱ्हाऊ द्या," मलप्पा म्हणाला. "उमीच्या लग्नात नारळ कुठं फोडला होता?"

नवरी शीव वलांडताना तिच्यावरनं नारळ ओवाळून फोडतात. तो ह्याच दगडावर फोडला होता, माझ्याच हातानं, आन् हितंच बसून रडले होते.

"अरं बाबा, तो लेकीला वाट मोकळी व्हावी म्हणून फोडतात, अडवायला न्हाई!" म्हणले, आन् तरातरा घरी गेले. देवापुढचा नारळ आणला, त्याच दगडावर फोडला. मलप्पा लई देवभोळा. हात जोडून बाजूला झाला. उमा घटाघटा पाणी प्याली आन् म्हणाली, "अव्वा, उद्या बी आण."

आज सकाळी हिरीवर गेले, तर टँकरचा पत्ता न्हाई आन् पोहरा तळाला खरवडायलाय. वर बघते तर वढ्यापल्याड बायांची ही रांग! हरेकीच्या कमरेवर घागर, हातात नारळ. कालचं समद्यांनी बघितलं असणार. आमच्या बाया माझ्या तोंडाकडं बघायल्या.

एवढ्याशा पाण्यात किती जणी? तोंडातनं निघूनच गेलं, "तिथंच थांबा! हे आमचं पाणी हाय. तुमचं नांदेडला मागा!"

कुणीबी भांडलं न्हाई. समद्यांच्या म्होरं माझी विहीण होती, शांतम्मा. तिनं नारळ पदराखाली झाकला आन् माघारी वळली. तिच्या कमरेवरची घागर उमाची होती, मीच लग्नात दिलेली.