कवळीचं अस्तर

अप्पांनी सकाळीच कवळी काढून कवळीवाल्याच्या हातात ठेवली आणि बोळक्या तोंडाने म्हणाले, "हलते. आतून नवा थर दे. घाई नाही, उद्या दिलीस तरी चालेल."

बेत सरळ होता. चार वाजता इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत ताईंची शोकसभा. तीस वर्षं ताई तिथे अप्पांच्या समोरच्या टेबलाशी बसायच्या, म्हणून पहिलं भाषण अप्पांच्या गळ्यात. आणि अप्पांना काहीच वाटत नव्हतं. दाढ काढताना इंजेक्शन देतात ना, तसं सगळं बधिर. उभं राहून खोटं बोलायचं, तेही ताईंबद्दल? त्यापेक्षा दातच नकोत.

साडेतीनला कवळीवाला डबी घेऊन सभेच्या दारात हजर.

"भाषण आहे म्हणे तुमचं. बाकीची कामं बाजूला ठेवली बघा."

"तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा?"

"आभार नंतर माना. बसवा आधी."

कवळी गच्च बसली. मेली जरासुद्धा हलेना.

नाव पुकारलं. जाता जाता अप्पांनी ताईंच्या टेबलावरचं, त्यांनी अर्धवट ठेवलेलं शब्दाचं कार्ड उचललं आणि तेच वाचलं.

"रीलाइन. क्रियापद. एक, कोटाचं अस्तर बदलणे. दोन, ब्रेकचे झिजलेले लायनर बदलणे. तीन, भट्टीच्या आतल्या विटा नव्याने लावणे. उगम: लिनन, म्हणजे जवसाच्या धाग्याचं कापड. पूर्वी कपड्यांना आतून तेच लावायचे." अप्पांनी कार्ड खाली घेतलं. "कवळीचा अर्थ राहिलाय. माझ्या तोंडाकडे बघत इतकी वर्षं काढली, तरी राहिला."

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"मला रडू येत नाहीये," अप्पा म्हणाले. "का, ते माहीत नाही. एवढंच." आणि बसले.

शेजारी ताईंचा धाकटा भाऊ होता. हळूच म्हणाला, "ताई म्हणायची, अप्पा म्हणजे एक नंबरचे थापाडे."

"आहेच मी."

"आज नव्हतात."

अप्पांनी पेन काढलं. कार्डावर चारचा आकडा घालून लिहिलं: कवळीला आतून नवा थर देणे. खाली स्वतःची सही केली. कचेरीचा नियम असा, की एकाने लिहायचं आणि समोरच्या टेबलाने तपासायचं.

तपासणाऱ्याच्या रकान्यावर पेन टेकवून अप्पा बसून राहिले. लोक उठले, खुर्च्या हलल्या. भावाने खांद्यावर हात ठेवला, तो ठेवलाय हे अप्पांना नुसतं दिसलं.