अय्युबभाईंची वीट आणि मी

मी एक जुनी फ्लशची टाकी आहे. इंदापुरात सायकलींचं दुकान चालवणाऱ्या अय्युबभाईंच्या घरी, कमोडच्या वर बसून मी चौदा वर्षं पाणी सोडते आहे. मित्रांनो, नाकं मुरडू नका! तुमच्याही घरी माझी एखादी बहीण असेलच.

साच्यातून निघाले तेव्हा मी दुधासारखी पांढरी होते. बसवल्या दिवशी घरातल्यांनी उगाचच दहादा बटण दाबून माझं कौतुक केलं. पुढे सगळे मला विसरले. यंदा मात्र मी गळू लागले. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सकाळपर्यंत माझ्यातून वाहून जायचं, आणि नळ दिवसाआड! मग काय, उठताबसता माझा उद्धार सुरू झाला.

अशात तो गुरुवार उजाडला. अय्युबभाईंच्या अम्मी बारामतीहून गुडघ्याचं ऑपरेशन करून दुपारी घरी येणार होत्या. वाकायचं नाही, बादली उचलायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणजे मी चालले नाही तर अम्मींबरोबर कुणालातरी आत जावं लागणार. आणि अम्मींनी फोनवर ठणकावलं होतं, "माझ्यासंगं आत कुणी यायचं न्हाय!"

"सिद्धू, काढून फेक हिला," अय्युबभाई प्लंबरला म्हणाले.

"फेकतो की. पर हिच्या मापाची टाकी बारामतीवरनं उद्याच्याला यील."

माझ्या तर तोंडचं पाणी पळालं!

आजचा दिवस तरी निभावतो का बघायला सिद्धूने झाकण उचललं आणि तो खो खो हसत सुटला. "भाई, ही वीट कुणी ठिवली हितं?"

"मीच की!" अय्युबभाई ऐटीत म्हणाले. "विटेएवढं पाणी कमी भरतंय, तेवढंच वाचतंय."

"कुठलं वाचतंय? विटंची कच वॉशरखाली अडकलीया. म्हणून तर गळतीया!"

त्याने वीट काढली, मला आतून खसखसून धुतलं, नवा वॉशर बसवला. मी भरल्यावर अय्युबभाईंच्या बायकोने, शबीनाभाभींनी, चमचाभर हळद माझ्या पाण्यात कालवली. खाली भांड्यात पिवळं उतरलं, की मी भंगारात!

सगळं घर कमोडभोवती वाकून उभं राहिलं. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मी जीव मुठीत धरून बसले होते. तेवढ्यात दारात रिक्षाचा हॉर्न वाजला. भांडं पांढरंशुभ्र!

"गळत न्हाय! गळत न्हाय!" अय्युबभाई नाचायलाच लागले.

अम्मी वॉकर टेकत थेट माझ्याकडेच आल्या. "व्हा बाजूला समदी." आतून कडी लागली. थोड्या वेळाने अम्मींनी बटण दाबलं, आणि मी अंगात होतं नव्हतं तेवढं पाणी सोडलं.

"अगं शबीना, ह्यात हळद कुणी घातली?"

बाहेर हशा पिकला. अय्युबभाई हसता हसता डोळे पुसत होते.

ती वीट आता मोगऱ्याच्या कुंडीखाली आहे. मित्रांनो, घरात काही गळू लागलं तर फेकण्याआधी एकदा झाकण उचलून बघा. आमच्यासारख्यांनाही कुणाची तरी लाज राखायची असते. अम्मींनी आतून कडी लावली, तो आवाज मला अजून ऐकू येतो.